सिस्टरक्काचे पडदे

बीदरच्या त्या कॉलनीत आम्ही राहायला गेलो, तेव्हा खिडक्यांना मी वर्तमानपत्रं चिकटवली होती. सामान अजून पोत्यांतच होतं आणि दुसऱ्या दिवशी मला नव्या शाळेत हजर व्हायचं होतं. संध्याकाळी फाटकाची कडी वाजली. बाहेर एक उंच, सडपातळ बाई उभ्या. साठी ओलांडलेली. फिकी सुती साडी, पदर खांद्यावर पिनेनं पक्का केलेला, हातात झाकण ठेवलेलं पातेलं.

"वरण आणलंय. आज कुठं चूल पेटवतीस?" असं म्हणत त्या आत आल्या आणि खिडकीकडं बघत थांबल्या. "आन् ह्ये काय? समद्या गल्लीला पेपर वाचायला दिलास व्हय?"

मला हसू आलं. म्हटलं, "दोन-चार दिवसांत पडदे घेते."

"दोन-चार दिवस म्हणत लोक वर्षं काढतेत," असं म्हणून त्यांनी पातेलं माझ्या हातात दिलं आणि वितीनं खिडकी मोजायला लागल्या. नाव-गाव काही विचारलं नव्हतं अजून. माप घेऊन झाल्यावर विचारलं.

त्या सिस्टरक्का. नाव शकुंतला, पण त्या नावानं त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उमेदीची सगळी वर्षं गेली, निवृत्त झाल्या आणि कॉलनीच्या कोपऱ्यावर छोटं घर बांधून राहिल्या. गल्लीत कुणी कानडी बोलणारं, कुणी मराठी, कुणी दखनी. सगळ्यांना त्या सिस्टरक्काच. त्याही समोरच्याची भाषा बघून बोलायच्या. रागावल्या की मात्र मराठीत यायच्या.

घरात त्या एकट्या. ते घर बघताना पहिल्यांदा डोळ्यांत भरायचे ते पडदे. भारी कापड नव्हतं, वेलबुट्टी नव्हती. "फुलं खिडकीच्या भाईर हायत की, आत कशाला?" असं त्यांचं म्हणणं. पांढरट, फिका हिरवा, असे साधे सुती रंग. पण सगळ्या खिडक्यांचे पाइप एका उंचीवर, सगळ्या पडद्यांच्या खालच्या कडा एका रेषेत, आणि निऱ्या अशा की नेसलेल्या साडीसारख्या. दिवसाचा पातळ पडदा वेगळा, रात्रीचा जाड वेगळा. बीदरची तांबडी धूळ उन्हाळ्यात ताटावरही बसते, पण त्यांच्या पडद्यांवर ती कधी दिसली नाही.

आमचे पडदे त्यांनीच शिवले. मी कापड आणलं आणि कात्री घेऊन बसले, तर त्यांनी हात धरला. "थांब. आधी पाणी दाखव त्याला. रातभर भिजू दे, वाळू दे, मंग काप. न्हाईतर पयल्या धुण्यात गुडघ्यावर येतंय, वाढत्या पोरीच्या परकरावानी." कापड खिडकीच्या दुप्पट हवं, हा दुसरा नियम. "ताणून बसविलेला पडदा म्हणजे जखमेवरची पट्टी. निऱ्या पडल्या पायजेत." कोपऱ्यांच्या दुमडीत त्या वायसर, म्हणजे लोखंडी चकत्या, शिवायच्या, वाऱ्यानं पडदा उडू नये म्हणून. आणि टांगायचा तो ओलसर असतानाच. आपल्याच भारानं तो सरळ होतो, इस्त्री लागत नाही.

टांगून झाल्यावर मी उभी राहून बघत होते. त्या जमिनीवर बसल्या आणि मलाही खाली ओढलं. "पडदा उभं ऱ्हाऊन बघायचा नस्तो. घरात माणूस बसतंय, तवा बसून बघायचा." आम्ही दोघी भिंतीला पाठ टेकून किती तरी वेळ बसलो. नवरा ऑफिसातून आला तर आम्ही काही न बोलता खिडकीकडं बघतोय. त्यालाही त्यांनी बसवलं.

"कसं वाटायलंय साहेब?"

"बरं वाटतंय," तो म्हणाला.

"बरं न्हाई. घर वाटायलंय," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

बुद्धपौर्णिमेच्या आधी त्या सगळे पडदे काढून धुवायच्या. त्या दिवशी घर उघडं पडायचं आणि त्या बेचैन व्हायच्या. दारं लावून स्वयंपाकघरात बसायच्या, मला सोबतीला बोलवायच्या. अशाच एका दुपारी त्यांनी जनवाड्याच्या आपल्या लहानपणच्या घराचं सांगितलं. गावाबाहेरच्या वस्तीत एक खोली. आई-बाप, आजी, भावंडं, सगळी त्यातच. न्हाणीघर नव्हतं. आई आंघोळीला बसायची तेव्हा दोन बाजा उभ्या करून त्यांच्यावर साडी टाकायची, आणि ती साडी वाऱ्यानं सरकू नये म्हणून शकूनं धरून उभं राहायचं. रस्त्यानं माणसं जायची. काही मुद्दाम हळू चालायची.

"मी लहान व्हते, पण कळायचं मला. हात भरून यायचा, तरी सोडायची न्हाई. आई आतून म्हणायची, शकू, धरलीस न्हवं? मी म्हणायचे, धरलेय गं माय." मग म्हणाल्या, "माणसाला आडोसा पायजे बघ. भाकरीच्या बरुबरीनं पायजे."

'माणसाला आडोसा पायजे' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं असेल. पण त्याचा खरा अर्थ मला कळला तो भाजीबाजारात.

शनिवारी आम्ही दोघी बाजारात होतो. एक बाई मिरच्यांचा ढीग तसाच टाकून उठली आणि सिस्टरक्कांच्या पाया पडली. "वळख लागली का अक्का? मी गौरम्मा, मन्नाएखेळ्ळीची. बाळंतपणाला आले होते बघा."

सिस्टरक्कांना आठवत नव्हतं. गौरम्मानं मग मलाच सांगितलं. बायकांच्या वॉर्डात तेव्हा खाटांच्या मध्ये काहीच नव्हतं. डॉक्टर तपासायला यायचे तेव्हा आजूबाजूच्या रुग्णांचे नातेवाईक, झाडूवाला, चहा आणणारा, सगळे तिथंच. गौरम्माचं पहिलंच बाळंतपण. तिनं तपासू द्यायलाच नकार दिला. रडत पाय आखडून बसली. लोक तिच्यावर ओरडायला लागले.

"ह्या अक्का काय बोलल्या न्हाईत. भाईर गेल्या. आल्या ते स्वताच्या दोन साड्या घिऊन. सलाईनच्या खांबाला सुतळी बांधली आन् साड्या टाकल्या चारी बाजूनं. आत येऊन माझ्या कानात म्हणल्या, आता तू आन् मी, दुसरं कुणी न्हाई. तवा मी पाय सोडले."

पुढं त्या साड्या वॉर्डातच राहिल्या. फाटल्या की सिस्टरक्का घरून दुसऱ्या आणायच्या. वरच्या मेट्रनबाईंनी एकदा झापलंही, दवाखान्याची काय धर्मशाळा करायलीस म्हणून. हे मला घरी येताना सिस्टरक्कांनीच सांगितलं, हसत. गौरम्मानं दिलेल्या मिरच्या पिशवीत होत्या. "एवढ्या मिरच्या काय करू गं? एकटीला वर्ष पुरतेल," त्या म्हणाल्या. ते 'एकटीला' त्यांनी अगदी सहज म्हटलं होतं.

लग्न का केलं नाही, असं विचारण्याची हिंमत कॉलनीत माझ्याआधी फक्त कापडवाल्या चाचांच्या बायकोनं केली होती. तिला सिस्टरक्कांनी दखनीत उत्तर दिलं म्हणे, "छुट्टीच नै मिली." मी विचारलं तेव्हा तेच मराठीत सांगितलं. "लग्नाला रजा लागती. मला मिळाली न्हाई. मंग ऱ्हाऊनच गेलं." आणि विषय बदलून माझ्या खिडकीतल्या एका ढिल्या कडीकडं बोट दाखवलं.

पण घरात त्या कायमच एकट्या नव्हत्या. भाऊ अकाली गेला, तेव्हा त्याची मुलगी सुजाता लहान होती. वहिनी जनवाड्यात शेत बघायची, पोर शिकायला आत्याकडं राहिली. ती इंजिनिअर झाली, हैदराबादला नोकरीला लागली, तिथंच आपल्या पसंतीनं लग्न केलं. मी कॉलनीत आले तेव्हा ती गेलेली होती. तिची खोली मात्र तशीच होती, आणि त्या खोलीचे पडदेही बाकीच्यांबरोबर धुतले जायचे.

मग सुजातानं फ्लॅट घेतला. सिस्टरक्कांच्या अंगात वारं शिरलं. फोनवर मापं घेतली. त्यांचा तो आवाज आमच्या ओट्यापर्यंत यायचा. "टेप खालून वर धर! व्हय. आता आडवं. मोठ्यानं सांग." कापड आणायला मला बरोबर नेलं. चाचा थानावर थान उलगडत म्हणाले, "सिस्टरअम्मा, इत्ता कपडा? शादी है क्या घर में?"

"बेटी का घर है," त्या म्हणाल्या. भतीजी नाही म्हणाल्या.

तो हिवाळाभर त्यांच्या घरातून शिलाई मशीनचा आवाज येत राहिला. फिका निळा रंग. कापडाला पाणी दाखवलं, वाळवलं, कापलं. कडांची टीप मशीननं नाही, हातानं घातली, कारण मशीनची टीप उजेडात उठून दिसते. डोळ्यांना त्रास व्हायचा. सुईत दोरा ओवायला मला हाक मारायच्या. मला वाटतं, ओवता यायचा तेव्हाही मारायच्या.

निघाल्या त्या दिवशी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. चादरीत बांधलेलं पडद्यांचं गाठोडं त्यांनी वरच्या फळीवर ठेवू दिलं नाही, मांडीवर घेतलं. "महिनाभर ऱ्हाते. लेक कवाधरनं बोलवायलीय. घराकडं बघ," म्हणाल्या.

आठवडाही झाला नसेल. शाळेतून येताना बघते तर कोपऱ्यावर रिक्षा उभी आणि त्यातून सिस्टरक्का उतरताहेत. मी धावत जाऊन सामान धरलं. गाठोडं तेच होतं, तेवढंच जड होतं.

"काय झालं सिस्टरक्का? इतक्या लवकर?"

कुलूप काढत, माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "माप चुकलं."

"चुकलं?"

"उंची कमी पडली. फोनवरचं माप, चुकायचंच." आत जाऊन त्यांनी गाठोडं पलंगावर ठेवलं आणि पाणी प्यायल्या. "तू जा. लेकरं वाट बघत असतेल."

त्यांचं माप चुकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

चार-पाच दिवसांनी सुजाताचा मला फोन आला. आवाज रडवेला. "वहिनी, आत्या बरी आहे ना? माझा फोन घेते, पण नीट बोलत नाही." मग तिनं सांगितलं. फ्लॅट सजवून देणाऱ्या माणसानं खिडक्यांना पडद्यांऐवजी आधीच गुंडाळायच्या पट्ट्या, ब्लाइंड्स, बसवल्या होत्या. मापं घेताना तिला हे ठाऊक नव्हतं. आत्या आली तेव्हा तिनं म्हटलं, झोपायच्या खोलीतल्या काढू, तिथं तुझे लावू. आत्या म्हणाली, असू दे. दिवसभर दोघं नोकरीवर. आत्या एकटी, मोठ्या काचेच्या खिडकीपाशी बसलेली. तेरावा मजला.

"तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, सुजा, इथनं समोर माणूसच दिसत न्हाई. नुस्तं आभाळ. आडोसा करायचा तर कुणापासून करायचा गं? मला वाटलं गंमत करतेय. मी हसले. त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाली, गाडीत बसवून दे." मग तिनं विचारलं, "मी काय वाईट बोलले का वहिनी?"

मी म्हटलं, नाही. खरंच नव्हतं.

त्या उन्हाळ्यात सिस्टरक्का दुपारी ओट्यावर बसून ब्लेडनं त्या निळ्या पडद्यांचे टाके उसवत असायच्या. वायसर काढून डब्यात टाकायच्या. मी दुसरीकडं कुठं तरी लावू या म्हटलं. "कुणाच्या खिडकीला कुणाचा पडदा," म्हणाल्या. सगळं उसवून साधं कापड झालं तेव्हा धुऊन, घडी करून कपाटात ठेवून दिलं.

त्यानंतर त्यांच्यात फरक पडला. जेवणं झाली की त्या आमच्याकडं येऊ लागल्या. कधी मीठ मागायला, कधी आज वार कोणता ते विचारायला. मीठ त्यांच्याकडं असायचं, भिंतीवर कॅलेंडरही होतं. दहा-पंधरा मिनिटं बसायच्या, माझ्या मुलांचा अभ्यास बघायच्या, मग "चला, जायला पायजे, दार उघडंच हाय," म्हणून उठायच्या. दार कधी उघडं नसायचं.

एकदा फाटकापर्यंत गेल्या आणि परत वळल्या.

"वंदना, एक काम सांगू का?"

"सांगा की."

"सकाळी शाळेला जायलीस की माझ्या खिडकीकडं बघत जा. रस्त्याकडच्या. मी उठल्या उठल्या पडदा सारते. सारलेला दिसला तर जा आपली. न्हाई दिसला, तर दार वाजव."

मी म्हटलं, "कामून असं बोलायलाव सिस्टरक्का?"

"दवाखान्यात बघितलेत मी. एकटी माणसं आणायचे. कुणाला चार दिवसांनी, कुणाला आठ. शेजाऱ्यांना वास आल्यावर." त्यांनी हे अगदी ड्युटीवर सांगावं तसं सांगितलं. "तसं नको मला. तेवढंच."

त्या दिवसापासून मी रोज बघत गेले. सकाळची घाई, मुलांचे डबे, पण कोपऱ्यावर मान वळायचीच. फिका हिरवा पडदा एका बाजूला सारलेला असायचा, दोरीनं बांधलेला. कधी त्या आत दिसायच्या, कधी नाही. दिसल्या तरी आम्ही हात करत नव्हतो. ते करारात नव्हतं.

आणि एक दिवस पडदा बंद होता.

मी हातातली पिशवी रस्त्यातच टाकली. फाटक ढकललं, दार वाजवलं. हाका मारल्या. आत काही आवाज नाही. मागच्या बाजूला गेले, तेही दार बंद. परत पुढं आले आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. समोरचे लोक बाहेर आले. नवऱ्याला फोन लावायला मोबाइल काढला, तेवढ्यात कडी निघाली.

दारात सिस्टरक्का. केस विंचरलेले, धुतलेली साडी, पदराला पिन. आतून चहाचा वास.

"ये. चा झालाय," त्या म्हणाल्या.

"पडदा... पडदा बंद कामून आहे?"

त्या मग लहान मुलीसारखं खाली बघत म्हणाल्या, "बघायले, येतीस का न्हाई."

मी असं कधी कुणावर ओरडले नव्हते. शाळेतल्या पोरांवरही नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी त्यांच्याच दारात उभी राहून त्यांना वाटेल ते बोलत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं, समोर कप ठेवला.

"न्हाई करणार आसं परत," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं त्या पुन्हा म्हणाल्या, "राग आला न्हवं? येऊ दे. माझ्यावर कुणी रागावून लई दिवस झाले."

त्या दिवशी मी शाळेत उशिरा गेले.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. माहेरच्या बाजूला, करजगीजवळच्या शाळेत. जायच्या आधी मी दूधवाल्या यल्लप्पाला सगळं समजावून सांगितलं. तो सकाळी गल्लीत यायचाच. सिस्टरक्कांना कळलं तेव्हा त्या चिडल्या. "त्याला कामून सांगितलीस? गडीमाणूस. रोज खिडकीत बघंल."

"बघायलाच सांगितलंय की."

यावर त्या इतक्या हसल्या, की डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "बरं. बघू दे."

गेल्या थंडीत यल्लप्पाचाच मला फोन आला. पडदा सारलेला नव्हता. त्यानं दार वाजवलं, शेजाऱ्यांना बोलावलं, कडी तोडली. झोपेतच गेल्या होत्या. आदल्या रात्री फाटकावर कुणाशी तरी नीट बोलल्या होत्या म्हणे. सुजाता दुपारपर्यंत पोचली. मी पोचले तेव्हा जनवाड्याहून माणसं आली होती आणि त्यांना पांढऱ्या साडीत ठेवलं होतं. तो चेहरा मी नीट बघितला नाही.

मला आठवतात त्या त्याच्या आधीच्या पावसाळ्यातल्या. मी शाळेच्या कामाला बीदरला आले होते आणि एक रात्र त्यांच्याकडं राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतायचं होतं. बंगळूरला जाणारी, वाटेत करजगीसाठी गुलबर्ग्याला सोडणारी गाडी मिळाली. नको नको म्हणताना त्या बसस्टँडवर आल्या, आणि गाडीत चढून माझ्या शेजारी बसल्या. गुडघे दुखत होते, तरी. सुजाता दिवाळीला येते म्हणालीय, यल्लप्पाच्या म्हशीला रेडकू झालंय, असं काहीबाही सांगत राहिल्या. मध्येच पिशवीतून धपाट्यांचा डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. गाडी भरत आली. कंडक्टर येऊन कानडीत म्हणाला, "अम्मा, इळीरी." उतरा.

त्या उतरल्या आणि माझ्या खिडकीखाली येऊन उभ्या राहिल्या. मावळतीचं ऊन तिरपं माझ्या तोंडावर येत होतं. मी डोळे बारीक करून त्यांच्याकडं बघत होते. काच बंद होती, त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्यांनी हातानं खूण केली. मला कळली नाही. मग दोन्ही हात वर करून त्यांनी हवेतच काहीतरी ओढल्यासारखं केलं. पडदा. ओढून घे, ऊन लागायलंय.

मी मान हलवली, असू दे म्हणून. त्यांनी पुन्हा तीच खूण केली, जरा रागानं. गाडी हलली. त्यांचे हात अजून वरच होते.

म्हणून मी पडदा ओढून घेतला. गाडी स्टँडच्या फाटकाशी वळली तशी तो घाईनं परत सारला, पण तोवर बसस्टँड मागं पडला होता.